बावखलाची लाल रेषा

"आम्ही वाडी विकली नाही, आम्ही रिसॉर्ट काढले." हे वाक्य आपल्या समाजात आता पुष्कळदा कानी पडते, आणि बोलणाऱ्याच्या स्वरात थोडासा अभिमानही असतो. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब या किनाऱ्यालगतच्या गावांतून जाणाऱ्यास या अभिमानाच्या पाट्या जागोजागी दिसतात. नारळीच्या सावलीत चार खोल्या, एक तरणतलाव, मुलांसाठी झोके, घरच्या स्त्रियांनी रांधलेले जेवण, आणि कोठे पाहुण्यांना हौसेने गळ टाकून बसता यावे म्हणून मासे सोडलेले तळे. धंदा घरचा, मालक घरचे, राबणारे हातही घरचेच. मग त्यास नावे का ठेवावीत, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैरलागू नव्हे.

आम्हीही त्यास सरसकट नावे ठेवणार नाही. परंतु 'कौटुंबिक' हा एक शब्द उच्चारला की पुढचे सारे प्रश्न मिटले, असा जो समज आपल्यांत दृढ होत चालला आहे, त्याला मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. वाडी कोणाच्या नावावर राहिली, एवढेच विचारून भागणार नाही. त्या वाडीतल्या बावखलाचे काय झाले, हे विचारले पाहिजे.

बावखल म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना कोणी सांगावे लागत नव्हते. आज ते आपल्याच नातवंडांना सांगावे लागते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील जमीन बव्हंशी रेताड. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचे मुख, पूर्वेस खाजणे आणि मिठागरे. खाऱ्या पाण्याच्या अशा वेढ्यात राहून ज्यांनी केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले पिकवली, त्यांनी आधी गोडे पाणी राखण्याची विद्या हस्तगत केली होती. वाडीच्या सखल भागात खोल खड्डा खणायचा. निघालेल्या मातीने घराचे जोते उंच करायचे, भिंती घालायच्या, वाफे भरायचे. आणि मागे उरलेल्या त्या खोलगट जागेत पावसाचे पाणी साठू द्यायचे. काठावर रहाट बसवायचा. बैल किंवा रेडा गोल फिरू लागला की पाणी पाटाने केळीच्या आळ्यांपर्यंत जायचे. त्याच पाण्यात मासे असत, बदके असत, आणि घरची पोरे त्याच पाण्यात पोहायला शिकत.

या साध्या खड्ड्याचे सामर्थ्य किती, हे हिशेब मांडल्यावाचून कळत नाही. पाच गुंठ्यांचे आणि दहा फूट खोलीचे एक बावखल घ्या. कडा उभ्या धरल्या तर त्यात सुमारे १५ लाख लिटर पाणी मावते. म्हणजे दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. आपल्याकडे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, असे धरले तर त्या पाच गुंठ्यांवर आकाशातून थेट पडणारे पाणीच दहा लाख लिटर भरते. शिवाय सभोवतालच्या वाड्यांतून झिरपून आणि वाहून येणारे पाणी वेगळे. बावखल हे पाणी पावसाळ्यात पोटात घेते आणि हिवाळ्यात, उन्हाळ्यात सावकाश जमिनीला परत देते. शेजाऱ्याची विहीर त्यावर जगते. बावखलाची हद्द सातबाऱ्यावर असते, पण त्याच्या पाण्याला कुंपण कधीच नव्हते.

येथपासून रिसॉर्टच्या पाटीपर्यंतचा प्रवास कसा झाला, तोही नीट पाहिला पाहिजे. पहिल्या काळात रहाट होता. जनावर थकले की उपसा थांबे, आणि रात्रभरात पाणी पुन्हा वर येई. जनावराचा थकवा हाच पाण्याचा पहारेकरी होता. मग तेलावरचे इंजिन आले, त्यामागून विजेचा पंप आला. कष्ट कमी झाले, त्याबद्दल कोणीही हळहळू नये. परंतु पंप थकत नाही, आणि म्हणून थांबायचे केव्हा हे ठरवण्याची जबाबदारी आता माणसाच्या विवेकावर येऊन पडली. ती जबाबदारी त्याने फारशी पेलली नाही.

तिसरा टप्पा टँकरचा. १९९० मध्ये सिडकोची या भागासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंस इमारतींचे पीक वाढले, आणि त्या इमारतींत राहायला आलेल्या माणसांच्या नळाला मात्र पाणी नव्हते. तेव्हा पश्चिमेकडच्या विहिरी आणि बावखले यांना अचानक बाजारभाव आला. केळी काढण्यापेक्षा पाणी काढणे सोपे झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभे केले, ते याच काळातले. गावोगावच्या माणसांनी त्या वेळी आपली हिरवळ आणि आपले पाणी यांसाठी आवाज उठवला, हा आपल्या समाजाच्या इतिहासातला अभिमानाचा भाग आहे. २०२४ मध्ये फादर दिब्रिटो आपल्यातून गेले, तेव्हा त्यांच्या कार्याची आठवण आपण सर्वांनी गहिवरून काढली.

आणि तरीही चौथा टप्पा आलाच, आणि तो बाहेरच्या कोणी आणला असे म्हणता येत नाही. वाडी परवडेनाशी झाली, मुले शिकून नोकरीला लागली, काही परदेशी गेली, आणि रहाट नसलेले बावखल घराला अडगळ वाटू लागले. त्यात पाला कुजतो, डास होतात, जागा अडते. मग एखाद्या रात्री राडारोड्याच्या गाड्या येतात, आणि आजोबा-पणजोबांनी फावड्याने खणलेला खड्डा सकाळपर्यंत सपाट होतो. त्यावर फरशी बसते. शेजारी निळ्या टाइल्सचा तरणतलाव बांधला जातो, आणि तो भरण्यासाठी विंधनविहीर खणली जाते. पाणी साठवणारी वस्तू बुजवायची आणि पाणी पिणारी वस्तू बांधायची, ही अदलाबदल झाली की आपण म्हणतो, "वाडी आम्ही राखली."

या अदलाबदलीचा परिणाम भावनेने सांगण्याचे कारण नाही. त्याचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. समुद्राकाठच्या रेतीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली त्याचा साठा सुमारे चाळीस फूट खोल असतो. याचा उलटा अर्थ भयंकर आहे. वरची पातळी एक फुटाने खाली ओढली की कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकू शकते. विंधनविहीर हीच पातळी ओढते. बावखल हीच पातळी उचलून धरते. म्हणजे जो बावखल बुजवून विंधनविहीर खणतो, तो एकाच वेळी दोन्ही बाजूंनी समुद्राला आत बोलावतो. आणि समुद्र आत येताना आडनाव वाचत नाही. ज्या विधवेच्या विहिरीवर चार माणसांचे घर चालते, तिच्या विहिरीतही तो येतो.

कायद्याने हे ओळखले नव्हते असेही नाही. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यास मनाई केली होती. महाराष्ट्रात १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या रक्षणासाठी भूजलाचा कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी विहीर खणू नये, असे त्याने सांगितले. पुढे २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. कागदावर पाणी केव्हाच सुरक्षित झाले. परंतु घरामागच्या अंगणात रात्री काय खणले जाते आणि काय बुजवले जाते, हे पाहण्यास कोणता तलाठी येणार? तेथे साक्षीदार एकच असतो, आणि तो म्हणजे त्या घराची सदसद्विवेकबुद्धी. म्हणूनच हा विषय या नियतकालिकाच्या पानांवर यावा असे आम्हांस वाटते.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितक्याच मोकळेपणाने मांडले पाहिजे. रिसॉर्ट काढणाऱ्या कुटुंबांपुढे दुसरा मार्ग बहुधा बिल्डरचाच होता. त्यांनी तो नाकारला. त्यांच्या वाडीत आजही नारळी उभ्या आहेत, आंब्याला मोहोर येतो. शिकलेली सून घर सोडून लोकलच्या गर्दीत न चेंगरता घरीच चार पैसे मिळवते. म्हाताऱ्या आईबापांजवळ मुलगा राहतो. राज्य सरकारनेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर करून अशा उद्योगाला प्रतिष्ठा दिली. हे सर्व खरे आहे, आणि यांपैकी एकही गोष्ट क्षुल्लक नाही. मुंबईच्या खुराड्यात राहणाऱ्या कुटुंबाला दोन दिवस झाडाखाली बसायला मिळते, हाही एक प्रकारचा पाहुणचारच आहे. आणि पाहुणचार हा आपल्या श्रद्धेत सद्गुण मानला आहे.

कोणी याहून पुढे जाऊन शुभवर्तमानाचाच दाखला देईल. पेत्र आणि आंद्रेया, याकोब आणि योहान ही सरोवराकाठी घरचा धंदा करणारी माणसेच नव्हती काय? होती, यात शंका नाही. मार्क सांगतो की याकोब आणि योहान आपला बाप जब्दी याला मजुरांसह मचव्यात सोडून येशूच्या मागे गेले. ज्या घरी मजूर होते ते घर कंगाल नव्हे. लूक तर पेत्र आणि जब्दीचे मुलगे हे भागीदार होते असे स्पष्टच लिहितो. मचवे होते, जाळी होती, भागीदारी होती, आणि कफर्णहूमच्या जकातनाक्यावर कर वसूल करणारा लेवीही बसलेला होता. प्रभूने आपले पहिले प्रेषित एका कौटुंबिक व्यवसायातूनच निवडले. दाखला उत्तम आहे. परंतु तो अर्धाच सांगितला जातो. उरलेला अर्धा आम्ही सांगतो.

त्याच गालील सरोवराच्या काठी, त्याच काळात, चैनीचेही एक शहर उभे राहत होते. हेरोद अंतिपाने इसवी सन २० च्या सुमारास, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ, रोमचा सम्राट तिबिर्य याच्या नावाने ते वसवले. त्यासाठी निवडलेली जागा थडग्यांची होती, असे इतिहासकार जोसेफस लिहितो. धर्मनिष्ठ यहुदी तेथे राहायला तयार होईनात, तेव्हा घरे आणि जमिनी देऊन, काहींना बळजबरीने आणून ते शहर भरावे लागले. ज्यांच्यावर पूर्वज निजले होते त्या जागेवर राजवाडा उठला. आश्चर्य असे की, येशू सरोवराच्या काठाने इतका फिरला, कफर्णहूमला तर त्याचा मुक्काम असे, परंतु तिबिर्यात त्याने पाऊल टाकल्याची एकही नोंद चारही शुभवर्तमानांत नाही. मौनावरून सिद्धांत काढू नये, हे आम्ही जाणतो. तथापि एवढे निश्चित की, एकाच पाण्याच्या काठी दोन प्रकारची वस्ती असू शकते. एक त्या पाण्यावर जगते, त्याची भीती बाळगते आणि त्याचे ऋण मानते. दुसरीला पाणी हवे असते ते केवळ शोभेसाठी. पेत्राचा दाखला देणाऱ्याने आपली वाडी यांपैकी कोणत्या वस्तीत मोडते, हे आधी पाहावे.

गळाचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक गोष्ट. शुभवर्तमानांत जाळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. गळ मात्र एकदाच येतो, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात. मंदिराच्या कराची मागणी आली तेव्हा येशूने पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकायला सांगितले, आणि पहिल्या माशाच्या तोंडातले नाणे दोघांचा कर म्हणून द्यायला सांगितले. आज त्या सरोवराकाठच्या भोजनगृहांत 'संत पेत्राचा मासा' म्हणून जो वाढतात, तो आपल्या चिलापीच्याच कुळातला. आपल्याकडची चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली, आणि आज वसईच्या तळ्यांतही ती आहे. गालीलचा तो मासा सूक्ष्म जलवनस्पतींवर जगतो, गळाला सहसा लागत नाही. म्हणून पेत्राच्या गळाला लागलेला मासा दुसऱ्याच जातीचा असावा, असे त्या सरोवरावर हयात घालवलेले मच्छीमार-अभ्यासक मेंडेल नून यांनी दाखवून दिले. मासा कोणता, हा वाद अभ्यासकांचा. आपल्यासाठी अर्थ इतकाच की, शुभवर्तमानातल्या त्या एकमेव गळाने करमणूक केली नाही, देणे फेडले. पाण्याने दिलेल्या मिळकतीतून पाण्याचे देणे आधी फेडावे लागते.

ते देणे किती, हे ठरवण्याची रीतही त्याच सरोवराने दाखवून दिली आहे. गालीलचे सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली आहे, आणि त्याच्या तळाशी खारे झरे आहेत. पातळी फार उतरली की सरोवराच्या गोडेपणालाच धोका पोहोचतो. म्हणून इस्राएलमध्ये त्या सरोवराला एक लाल रेषा आखून दिली आहे, समुद्रसपाटीखाली २१३ मीटरवर. तिच्याखाली पाणी गेले तर उपसा धोक्याचा. तिच्याही खाली एक काळी रेषा आहे. दुष्काळात त्या रेषांचा मान राहिला नाही असेही घडले, आणि २००१ मध्ये पातळी अतिशय खाली गेली. पण रेषा होती म्हणून ती ओलांडल्याचे सगळ्या देशाला कळले. वृत्तपत्रांतून चर्चा झाली, लोकांना लाज वाटली. आपल्या बावखलाला रेषाच नाही. त्यामुळे ती ओलांडल्याचे कोणालाच कळत नाही, आणि लाजही कोणाला वाटत नाही.

पवित्र शास्त्रात बुजवलेल्या पाण्याचीही कथा आहे. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात असे येते की, अब्राहामाच्या सेवकांनी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने भरून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या, आणि त्यांना आपल्या बापाने दिलेलीच नावे पुन्हा दिली. नव्या विहिरी खणल्या तेव्हा भांडणे झाली, तो पुढे सरकला, आणि अखेरीस ज्या विहिरीवरून भांडण झाले नाही तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले. बापाची विहीर बुजवणे हे त्या कथेत शत्रूचे काम आहे, पुत्राचे काम ती उकरणे. आमच्या समाजात मात्र चमत्कार असा की, बापाची विहीर मुलगाच बुजवतो आणि तिच्यावर बापाच्या नावाची पाटी लावतो. पलिष्ट्यांना निदान पाटी लावण्याचे सुचले नाही.

"जमीन आमची, खड्डा आमचा, तुम्ही कोण विचारणारे?" हा प्रश्न येणारच. खाजगी मालमत्तेचा हक्क ख्रिस्तसभेने कधी नाकारला नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात कुटुंबाच्या मालमत्तेचे समर्थन केले, परंतु त्याच ठिकाणी मालकी आणि वापर यांतला भेदही शिकवला: वस्तू आपली असली तरी तिचा वापर इतरांची गरज ओळखून करावा. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये सांगितले की मालमत्तेचा हक्क निरंकुश नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ मध्ये मालमत्तेवर समाजाचे गहाण असते अशा अर्थाची भाषा वापरली. गहाण हा शब्द शेतकऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क म्हणून सांगितला. आपण दर रविवारी ज्या श्रद्धेची कबुली देतो, तिची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. सातबारा तुमचा आहे. बावखलातले पाणी तुमच्या हाती ठेव म्हणून दिलेले आहे.

आणखी दोन आक्षेपांना उत्तर देणे भाग आहे. पहिला असा की, मोठे गुन्हेगार सोडून तुम्ही लहानांनाच का धरता? मिठागरांवर भराव घालणारे, नैसर्गिक नाले अडवणारे, डोंगर फोडणारे कोण? हे सर्व आम्हांस मान्य आहे. २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार पाण्याखाली गेली, रेल्वे बंद पडली, मिठागरातली माणसे अडकून पडली, त्याचे मोठे कारण आपल्या बावखलांत नव्हते. परंतु मोठ्यांना जाब विचारायला उभे राहणाऱ्याचे स्वतःचे अंगण स्वच्छ असावे लागते. ज्याने आपले बावखल भरले, त्याने दुसऱ्याच्या भरावाविरुद्ध निवेदनावर सही करावी ती कोणत्या तोंडाने? शिवाय पावसाचे पाणी पोटात घेणारी जागा एक एक करून नाहीशी होते, तेव्हा पुराचा हिशेब तसाच एक एक करून वाढत जातो.

दुसरा आक्षेप डासांचा आणि अपघाताचा. पाण्याजवळ पाहुण्यांची मुले असतात, ही चिंता रास्त आहे. पण त्यावर कठडा बांधता येतो. तरणतलावालाही राखणदार लागतोच. डासांसाठी गप्पी मासे सोडायचे, हे तर आरोग्य खातेच वर्षानुवर्षे सांगत आले आहे. पाला काढायचा, गाळ उपसायचा, सांडपाणी त्यात सोडायचे नाही. हे काम कंटाळवाणे आहे, अशक्य नाही. बुजवण्याचा खर्च ज्याला झेपतो त्याला राखण्याचा खर्च झेपत नाही, हे आम्हांस पटत नाही.

पाहुणघर आणि वारसा यांचे हाडवैर असते, असेही कोणी समजू नये. गालीलकाठच्या मग्दाला गावी एका कॅथलिक व्रतस्थ संस्थेने यात्रेकरूंसाठी निवासस्थान बांधायला घेतले. त्या देशाच्या नियमाप्रमाणे बांधकामाआधी उत्खनन झाले, आणि २००९ मध्ये पायाच्या जागी पहिल्या शतकातले सभास्थान सापडले. म्हणजे येशूच्या काळातले, त्याच्या भटकंतीच्या वाटेवरचे. खारवलेल्या माशांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले ते गाव पुन्हा प्रकाशात आले. बांधणाऱ्यांनी आपला आराखडा बदलला. सभास्थान उघडे राखले गेले आणि निवासस्थान त्याच्या बाजूला उभे राहिले. पायात सापडलेल्या ठेव्यासाठी त्यांना सरकावे लागले, पण त्यांचे काही बिघडले नाही. उलट आज यात्रेकरू तेथे जातात ते तो ठेवा पाहण्यासाठीच. आपल्या वाडीतले बावखल हा तसाच ठेवा आहे. मुंबईच्या पाहुण्याला निळ्या टाइल्सचा तलाव कोठेही मिळेल. रहाटाच्या काठी बसून, केळीच्या सावलीत, घरच्या आजोबांकडून गळाला गांडूळ कसे लावावे हे शिकणे त्याला फक्त येथेच मिळेल. व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपण कोणत्या बाजूस आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. रिसॉर्ट काढावे की न काढावे, हा प्रत्येक कुटुंबाचा निर्णय आहे, आणि त्यात आम्ही पडत नाही. परंतु जे काढतील त्यांनी बावखल बुजवू नये. बुजवले असेल तर इसहाकाप्रमाणे ते उकरावे. प्रत्येक बावखलाच्या काठावर एक दगडी खांब रोवून त्यावर लाल रेषा रंगवावी, आणि उन्हाळ्यात पाणी त्या रेषेखाली गेले की उपसा बंद. खोल्या रिकाम्या राहिल्या तरी चालतील, तरणतलाव कोरडा राहिला तरी चालेल. रेषा कोठे आखायची हे एकट्या मालकाने ठरवू नये. ज्यांच्या विहिरी त्याच पाण्यावर आहेत त्या शेजाऱ्यांना बोलावून, गेल्या काही उन्हाळ्यांत विहिरी केव्हा मचूळ झाल्या हे त्यांना विचारून, मग ती आखावी. पावसाळ्यात छपरावरचे पाणी गटारात न सोडता बावखलात सोडावे.

आणि धर्मग्रामांनी आपल्या हद्दीतील बावखलांची नोंदवही ठेवावी. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची नोंद आपण शतकानुशतके काटेकोरपणे ठेवली. त्या वह्यांमुळेच आपली कुळे आपल्याला ठाऊक आहेत. ज्या पाण्यावर ती कुळे जगली त्याची नोंद मात्र आपण कोठेच ठेवली नाही. कोणत्या आळीत किती बावखले होती, त्यांपैकी किती उरली, कोणत्या वर्षी कोणते भरले गेले, हे तरुण मंडळींनी घरोघर जाऊन, म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढावे. वृद्ध माणसे हयात आहेत तोवरच हे होईल. ती वही पॅरिश कौन्सिलसमोर दरवर्षी उघडली जावी. शेजारधर्म म्हणजे काय याचा हिशेब त्या वहीत आकड्यांनी दिसेल, आणि मग 'आम्ही वाडी राखली' असे कोणी म्हणाले की ते खरे की खोटे, हे पाहण्यासाठी वादाची गरज उरणार नाही.

अहाब राजाने नाबोथाकडे द्राक्षमळा मागितला तो राजवाड्याशेजारी भाजीचा मळा करण्यासाठी. किंमत देऊ केली, बदल्यात याहून चांगला मळा देऊ केला. नाबोथाने नकार दिला, कारण तो पूर्वजांचा वारसा होता, आणि त्यासाठी त्याला प्राण द्यावे लागले. आपल्या कित्येक घरांनी अहाबाला नकार दिला आहे, याचा आम्हांस आदर आहे. आता त्यांनी एवढेच करावे की, राजाला न दिलेला मळा स्वतःच्या हाताने खाऱ्या पाण्याला देऊ नये.